घाटे अळी : फुलोऱ्यातले दोन आठवडे

हरभऱ्याचा हंगाम : भाग ५

मागच्या आठवड्यात मर रोग पाहिला. आता पीक त्यातून सुटले आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामतीपासून खाली इंदापूरपर्यंत, ऑक्टोबरअखेर पेरलेला विजय किंवा दिग्विजय हरभरा डिसेंबरात कळीला येतो. याच सुमाराला दोन-तीन दिवस आभाळ भरून येते आणि घाटे अळीची चर्चा सुरू होते. ती बहुतेक वेळा उशिराच सुरू होते. घाट्याला भोक दिसेपर्यंत अळी मोठी झालेली असते, आणि मोठी अळी आत तोंड खुपसून, मागचे अर्धे अंग बाहेर ठेवून निवांत दाणे खात असते. तिच्यापर्यंत औषध पोचतच नाही. एक अळी तिच्या आयुष्यात ३० ते ४० घाटे रिकामे करते.

म्हणून नजर ठेवायची ती कळीवर. मादी पतंग कोवळ्या शेंड्यावर, कळ्यांवर एकेक करून अंडी घालते. अंडे खसखशीच्या दाण्याएवढे, पिवळसर पांढरे. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस कोवळी पाने खरवडते, मग कळ्या-फुले कुरतडते. हे काही दिवसच आपल्या हातात असतात.

हीच अळी तुरीच्या शेंगा पोखरते, टोमॅटोत शिरते, मक्याच्या कणसाचे केस खाते, कपाशीवर तिला बोंडअळी म्हणतात. भांगेच्या फुलोऱ्यातही ती सापडते. आपल्या बागायती भागात म्हणूनच ती हटत नाही. नोव्हेंबरात तूर, मग हरभरा, शेजारी टोमॅटो, पुढे जनावरांसाठी उन्हाळी मका. वर्षभर तिचे ताट वाढलेलेच असते. त्यात कालव्याचे पाणी आले म्हणून हरभऱ्याला जास्तीचे पाणी आणि युरिया दिला की पीक माजते, दाटते, आणि पतंगांना नेमके असेच पीक आवडते. सुपे-मोरगावच्या जिरायती हरभऱ्याला निदान हा त्रास कमी.

कामगंध सापळे एकरी दोन पुरेत, पिकापेक्षा फूटभर उंच. सलग दोन-तीन रात्री एका सापळ्यात आठ-दहा पतंग पडले, किंवा ओळीच्या एका मीटरात एक-दोन अळ्या दिसल्या, की फवारणीची वेळ झाली. फांद्या हलवून खाली कापड धरले तर बारीक अळ्याही मोजता येतात. पक्षीथांबे एकरी वीस उभे करा. साळुंक्या आणि कोतवाल आपले काम चोख करतात. पेरणीवेळी बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली असेल तर तिची ताटेच थांबे होतात.

पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची, आणि ती फुले लागतानाच. पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, साबणाचा चुरा घालून शंभर लिटर द्रावण करायचे. अळ्या लहान असताना दुसरी फवारणी एचएएनपीव्ही या विषाणूची, हेक्टरी ५०० एलई (अळी समतुल्य मात्रा). ऊन त्याला मारते, म्हणून ती संध्याकाळी करायची. द्रावणात थोडी नीळ मिसळतात तीही त्याच कारणाने. रोगट अळ्या शेंड्याला उलट्या लटकून मरतात. तीन-चार दिवस काही घडत नाही असे वाटते, तेव्हा धीर सोडू नका.

तरीही पतंगांची किंवा अळ्यांची संख्या वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम. मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळीच फवारा. ते दर आठवड्याला मारण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. १९८७ मध्ये आंध्रच्या कपाशीवर पायरेथ्रॉइड औषधे या अळीपुढे निष्प्रभ ठरली आणि शेतकरी उद्ध्वस्त झाले. एकच औषध सारखे वापरले की ती त्याला सरावते. दुसरी रासायनिक फवारणी लागलीच तर पंधरा दिवसांनी, आणि तीही वेगळ्या गटाच्या औषधाची: क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, १० लिटरला २.५ मिली.

पुढच्या आठवड्यात घाटे भरतानाचे पाणी आणि कालव्याच्या आवर्तनाचा मेळ.