काहीच घडत नाही, तरी आपण वाचतो का?

ज्या वेबकॉमिकमध्ये ना खलनायक, ना मारामारी, ते लोक वर्षानुवर्षं का वाचतात?

जेफ जाकचं ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ घ्या. २००३ मध्ये सुरू झालेलं अमेरिकन कॉमिक. मार्टेन, फे, एक कॉफी शॉप आणि टाइमपास गप्पा. बस्स. पण वाचकाच्या डोक्यात एक प्रश्न बसलेला: ह्या दोघांचं जमणार का?

असा प्रश्न म्हणजे लेखकावरचं कर्ज. लगेच फेडलं तर गंमत संपते, फेडलंच नाही तर वाचक वैतागतो. जाकने तिसरा रस्ता धरला. फे मार्टेनला सांगते की, वडिलांच्या आत्महत्येतून ती अजून सावरलेली नाही, त्यामुळे नात्यासाठी ती तयार नाही. वाचकांना हवं ते उत्तर मिळालं नाही, पण खरं उत्तर मिळालं. दोघं मित्र राहिले, कॉमिकही चालू राहिलं.

म्हणजे बघा, रोजच्या जगण्याच्या गोष्टीतही संघर्ष असतोच, फक्त तो एका वाक्यात मावतो. अट एकच: ते वाक्य बोलून झाल्यावर माणसं थोडी बदललेली दिसली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सगळं जैसे थे असेल, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

तुम्ही स्वतः कॉमिक काढताय? मग तुमचं पात्र कोणतं वाक्य बोलायचं टाळतंय, तेवढं शोधा. प्लॉट तिथेच आहे.