दोन हजार ओळींची मर्यादा

परवा एका विद्यार्थ्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवरील ‘डीडब्ल्यूएम’ पाहून त्याच्या सेटिंग्ज कोठे आहेत अशी पृच्छा केली, तेव्हा त्या मुळातच नाहीत हे सांगताना मला त्याच्या कर्त्यांविषयीचा आदर लपवता आला नाही.

पडद्यावरील खिडक्यांची मांडणी करणारा हा प्रोग्राम ‘सकलेस’ नावाच्या प्रोग्रामर मंडळींनी २००६ पासून जोपासला असून, त्याचा सोर्स कोड २००० ओळींपलीकडे जाऊ द्यावयाचा नाही, असा त्यांचा दंडकच आहे. रंग, अक्षरे किंवा कळींची योजना बदलावयाची झाल्यास ‘कॉन्फिग.एच’ ही फाइल उघडून हवा तो फेरफार करावा आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा. जुन्या यंत्रावरही हे काम काही क्षणांत उरकते.

जो प्रोग्राम एकटा मनुष्य सवडीने साद्यंत वाचू शकतो, त्यातील दोष हुडकण्यास कोणाच्याही मेहेरबानीची गरज उरत नाही, आणि म्हणूनच ओळींच्या मर्यादेचा त्यांचा हा आग्रह मला निःसंशय मोलाचा वाटतो.

सी भाषेचा अल्प परिचय असणाऱ्यांनी हा कोड अवश्य वाचावा. कोठे अडल्यास खाली विचारावे, यथाशक्ती उत्तर देईन.