भिंतीवरचे 'आम्ही' आणि 'आपण'

युद्ध म्हटले की तोफा, विमाने आणि सेनापती डोळ्यांसमोर उभे राहतात. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला आणखी एक आघाडी सांभाळावी लागली, ती घरची. कारखान्यातला कामगार, शिध्याच्या रांगेतली गृहिणी, रात्री गच्चीवर पहारा करणारा कारकून यांचे मन खचले, तर रणांगणावरचे शौर्य काय कामाचे? म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाला तोंड लागताच तेथे माहितीचे स्वतंत्र खाते उभे राहिले आणि भिंती बोलू लागल्या.

त्यांचे पहिले बोल मात्र बेसूर निघाले. तांबड्या जमिनीवर पांढरी अक्षरे, वर राजमुकुट, आणि मजकूर असा की तुमचे धैर्य, तुमची प्रसन्नता, तुमचा निर्धार विजय मिळवून देईल. कोणाला? इंग्रजीत तेथे जो शब्द होता, तो मराठीत आणताना आपण क्षणभर अडखळतो. कारण आपल्या भाषेत 'आम्हांला' निराळे आणि 'आपल्याला' निराळे. बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्यात धरतो की नाही, हे मराठी माणूस एका शब्दात सांगून टाकतो. इंग्रजीला ही सोय नाही. लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात 'आपल्याला' असेलही. पण रस्त्यावरच्या अनेकांनी वाचले ते 'आम्हांला'! कष्ट तुमचे आणि विजय आमचा, असा त्याचा सरळ अर्थ लागला. वर्तमानपत्रांतही टीका झाली.

पुढे हे खाते शहाणे झाले. 'पंच' साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार फुगास याने १९४० मध्ये बेसावध बोलण्याचे धोके दाखवणारी चित्रे काढून दिली, तीही मोबदला न घेता. बसमध्ये दोन बायका गप्पांत रंगल्या आहेत आणि मागच्या बाकावर हिटलर व गोअरिंग बसले आहेत! उपदेशाने कपाळाला आठ्या पडल्या असत्या. येथे माणूस आधी हसे आणि मग जीभ आवरी.

'विजयासाठी खणा' ही मोहीम याहून मोलाची. बाहेरून येणारे धान्य पाणबुड्या बुडवीत होत्या, तेव्हा लोकांनी हिरवळी आणि उद्याने खणून भाजी लावली. भाजीसाठी भाड्याने दिलेल्या तुकड्यांची संख्या सुमारे ८ लाखांवरून १४ लाखांच्या घरात गेली. हे श्रेय एकट्या चित्राचे नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, डुकराचे खारवलेले मांस यांचे शिधावाटप सुरू झाले होते, आणि शिधापत्रक राजवाड्यालाही चुकले नव्हते. भिंतीवरचा 'आपण' ताटात दिसू लागला, तेव्हा तो लोकांना पटला.

त्या पहिल्या तांबड्या मालिकेतले एक पत्रक राहूनच गेले. शांत राहा आणि काम चालू ठेवा, एवढेच त्यावर होते. भीषण बाँबवर्षाव झाला की लावायचे म्हणून त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापून ठेवल्या होत्या. पण अपेक्षित हल्ले लगेच आले नाहीत, आणि कागदाच्या टंचाईत १९४० मध्ये त्यांतल्या बहुतेक प्रतींचा लगदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनवर बाँब कोसळू लागले, तेव्हाही ते पत्रक भिंतींवर आले नाही. २००० साली अ‍ॅनिक गावच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची एक प्रत हाती लागली. मालकांनी ती चौकटीत घालून भिंतीवर टांगली, आणि गिऱ्हाइके ती विकत मागू लागली.