घरगुती जलतरण तलावाचे क्लोरिनीकरण

घरगुती जलतरण तलावाचे क्लोरिनीकरण म्हणजे खासगी तलावातील पाणी क्लोरीनच्या साहाय्याने रोगजंतू व शेवाळ यांपासून मुक्त ठेवण्याची प्रक्रिया होय. यासाठी मुख्यतः दोन पद्धती रूढ आहेत. पारंपरिक पद्धतीत क्लोरीनयुक्त रसायने विकत आणून पाण्यात मिसळतात. दुसऱ्या पद्धतीत पाण्यात मीठ विरघळवून विद्युत अपघटनाने क्लोरीन जागेवरच तयार करतात. अशा तलावास ‘खाऱ्या पाण्याचा तलाव’ म्हणतात. या नावामुळे तो क्लोरीनविरहित असतो असा समज आढळतो, परंतु तो चुकीचा आहे. दोन्ही तलावांत जंतूंचा नाश क्लोरीनच करतो. क्लोरीन पाण्यात कसा येतो, त्याबरोबर आणखी काय येते आणि देखभालीचा भार कशावर पडतो, एवढ्याच बाबतींत या पद्धती भिन्न आहेत.

समान तत्त्व

क्लोरीन पाण्यात मिसळल्यावर हायपोक्लोरस आम्ल तयार होते. हेच प्रमुख जंतुनाशक होय. त्याचा काही भाग हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात असतो. हा आयन जंतुनाशक म्हणून बराच दुर्बल आहे. दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. इतर रसायने नसलेल्या पाण्यात सामू ७.५ असताना दोन्ही जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. सामू ८ झाला की हायपोक्लोरस आम्ल सुमारे एक चतुर्थांश उरते. म्हणून तलावाचा सामू साधारणतः ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवतात.

उन्हातील अतिनील किरणांमुळे क्लोरीन झपाट्याने नष्ट होतो. तो टिकावा म्हणून उघड्या तलावात सायन्युरिक आम्ल मिसळतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या शिफारशीनुसार तलावात मुक्त क्लोरीन दर लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम, तर सायन्युरिक आम्ल वापरले असल्यास किमान २ मिलिग्रॅम असावा.

तलावाजवळ येणारा उग्र दर्प जादा क्लोरीनमुळे येतो असे मानले जाते. प्रत्यक्षात घाम, मूत्र इत्यादींतील नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात आणि दर्प व डोळ्यांची जळजळ बहुतांशी त्यांच्यामुळे होते. ती कोणत्याही पद्धतीच्या तलावात निर्माण होऊ शकतात.

पारंपरिक पद्धत

या पद्धतीत प्रामुख्याने तीन रसायने वापरतात. सोडियम हायपोक्लोराइट द्रवरूप असते. साठवणीत, विशेषतः उष्ण हवेत, त्याची तीव्रता घटत जाते. कॅल्शियम हायपोक्लोराइट चूर्ण किंवा दाणेदार रूपात मिळते आणि त्यात उपलब्ध क्लोरीन सामान्यतः ६५ ते ७० टक्के असतो. त्याच्या वापराने पाण्याचा दुष्फेनपणा वाढतो. ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या वड्यांत उपलब्ध क्लोरीन सुमारे ९० टक्के असतो. त्या सावकाश विरघळत असल्याने सोयीच्या ठरतात, मात्र पाण्याचा सामू व आम्लशोषक क्षमता कमी करतात.

या वड्यांचा आणखी एक परिणाम सहसा उशिरा लक्षात येतो. त्यांतून दर लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन मिळताना सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होत असेल, तर एका महिन्यात सुमारे ३६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्लाची भर पडते. सामान्यतः ३० ते ५० मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. त्याहून बरेच अधिक साचल्यास क्लोरीनचे मापन योग्य दिसूनही त्याची जंतुनाशक क्रिया मंदावते. घरगुती तलावात यावर व्यवहार्य उपाय म्हणजे काही पाणी काढून ताजे भरणे.

मिठापासून क्लोरीन

या पद्धतीत दर लिटरमागे साधारणतः ३ ते ४ ग्रॅम मीठ ठेवतात. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे ३५ ग्रॅम असते. म्हणजे हा तलाव समुद्राच्या मानाने फारच सौम्य खारट असतो. गाळलेले पाणी तलावाकडे परतताना एका विद्युतघटातून जाते. त्यात रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडांचा लेप असलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. वीजप्रवाहाने मीठ व पाणी यांपासून क्लोरीन, हायड्रोजन आणि सोडियम हायड्रॉक्साइड निर्माण होतात. क्लोरीन आपले कार्य केल्यावर पुन्हा क्लोराइडच्या रूपात येतो. त्यामुळे मीठ खर्ची पडत नाही. ते घटते ते पाणी उडणे, ओसंडणे व गाळणी उलट धुणे यांमुळे.

ही पद्धत ऑस्ट्रेलियातील घरगुती तलावांत विशेष लोकप्रिय आहे. क्लोरीन थोडा थोडा व सातत्याने मिळतो आणि तीव्र रसायने वारंवार हाताळावी लागत नाहीत, हे तिचे प्रमुख लाभ होत. तथापि हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व सामू वाढत राहतो. तो खाली आणण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लासारखे आम्ल अधूनमधून मिसळावेच लागते.

एक उदाहरण

५०,००० लिटरच्या तलावात रोज दर लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो असे धरल्यास दैनिक गरज १०० ग्रॅम होते. ती भागविण्यासाठी ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे १५४ ग्रॅम, किंवा तासाला २० ग्रॅम क्लोरीन देणारे यंत्र ५ तास लागेल. यंत्राच्या तलावात ३ ग्रॅमच्या प्रमाणासाठी आरंभी १५० किलो मीठ घालावे लागेल. पोहणारे वाढले किंवा ऊन तीव्र झाले की ही गरज वाढते.

खर्च आणि झीज

पारंपरिक पद्धतीत आरंभीचा खर्च अल्प, पण रसायनांचा खर्च अखंड असतो. मिठाच्या पद्धतीत यंत्रासाठी मोठी रक्कम आधीच गुंतवावी लागते. विद्युतघटाच्या पट्ट्यांवरील लेप झिजतो आणि साधारणतः ३ ते ७ वर्षांनी घट बदलावा लागतो. दोन्ही पद्धतींची तुलना करताना हा खर्च धरणे आवश्यक असते.

मीठ धातू व दगड यांनाही बाधते. हलक्या प्रतीच्या पोलादाच्या शिड्या गंजतात. काठावर उडालेले पाणी वाळल्यावर सच्छिद्र दगडात मिठाचे स्फटिक वाढतात व पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात.

महाराष्ट्रातील परिस्थितीशी संबंध

दख्खनच्या पठारावरील अनेक विंधन विहिरींचे पाणी दुष्फेन असते. अशा पाण्याने विद्युतघटाच्या पट्ट्यांवर कॅल्शियमचे थर जमतात व ते वेळोवेळी काढावे लागतात. याच पाण्यात कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरल्यास दुष्फेनपणात आणखी भर पडते. कोकण, गोवा, लोणावळा यांसारख्या अतिपावसाच्या भागांत तलाव ओसंडून मीठ विरल होते व पावसाळ्यानंतर ते पुन्हा घालावे लागते. मीठ शुद्ध व आयोडीनविरहित असावे. तलावाचे खारे पाणी बागेत, शेतात किंवा विहिरीजवळ सोडल्यास माती व भूजल यांची हानी होते, म्हणून त्याच्या निचऱ्याची सोय आधीच ठरवावी लागते.

सुरक्षितता

हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. कॅल्शियम हायपोक्लोराइट व ट्रायक्लोर वड्या एकमेकींत मिसळल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो; दोहोंसाठी एकच माप वापरणेही धोक्याचे आहे. मिठाच्या पद्धतीत क्लोरीनची साठवण टळते, पण आम्लाची टळत नाही. पाण्याचा प्रवाह थांबल्यास घटात हायड्रोजन साचू नये, यासाठी प्रवाहदर्शक स्वयंचलित खटका कार्यरत असावा लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसारकारक परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही ७ दिवसांहून अधिक काळ जिवंत राहू शकतो. म्हणून जुलाब होत असलेल्या व्यक्तीने, विशेषतः लहान मुलांनी, कोणत्याही पद्धतीच्या तलावात उतरू नये.

निवडीचे निकष

तलाव वर्षभर वापरात असेल, वीजपुरवठा भरवशाचा असेल, काठाचा दगड व धातू मीठ सोसणारे असतील आणि निचऱ्याची सोय असेल, तर मिठाची पद्धत सोयीची ठरते. तलाव लहान किंवा केवळ हंगामी वापराचा असेल, पाणी फार दुष्फेन असेल किंवा यंत्रदुरुस्तीची सेवा जवळ उपलब्ध नसेल, तर पारंपरिक पद्धत अधिक व्यवहार्य असते. यंत्र बसविल्याने तपासणीची गरज मात्र संपत नाही. मुक्त क्लोरीन व सामू यांचे नियमित मापन दोन्ही पद्धतींत अनिवार्य आहे. पाणी स्वच्छ व पारदर्शक दिसणे हा ते निर्जंतुक असल्याचा पुरावा नव्हे.