फाईल न उघडता आत काय आहे ते पाहा



सातबारा, पावत्या, उसाचे नि संत्राबागेचे फोटो आता संगणकात असतात. नावे मात्र आयएमजी ००४७ अशी! काटोलला सेवा केंद्रात घाईघाईत भलताच उतारा जोडला, की अर्ज परत येतो आणि एक खेप वाया जाते. बेण्याचा डोळा पाहूनच आपण लागण करतो. फाईलही तशीच पाहून जोडावी. त्यासाठी ती उघडावी लागत नाही.

विंडोजमध्ये फोल्डरात जाऊन ऑल्ट व पी या कळा एकदम दाबा. उजवीकडे चौकट येते. फाईलवर एकदा क्लिक केले की फोटो तिथेच दिसतो, बहुधा पीडीएफही. खालच्या बाणाने पुढची फाईल पाहावी. अ‍ॅपलच्या संगणकावर २००७ पासून ही सोय स्पेसबारवर आहे. त्यात व्हिडिओही चालतो.

मात्र ऑक्टोबर २०२५ च्या सुधारणेपासून विंडोज इंटरनेटवरून उतरवलेली फाईल चौकटीत दाखवत नाही, सूचना देते. सरकारी संकेतस्थळावरचा सातबाराही त्यात अडकतो. कारण असे, की फसवी फाईल नुसती पाहिली तरी पासवर्डची सांकेतिक खूण चोराकडे जाऊ शकते. फाईल खात्रीची असेल तरच राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर खूण करावी. फरक न पडल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

आणि नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई दिसले, तर तो फोटो नव्हे, प्रोग्राम आहे. अनोळखी माणसाकडून आला असेल तर उघडू नये, ही आमची सर्वांस विनंती.