घोडखिंड नेमकी कुठे?

१८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ग्रँट डफने बाजी प्रभूंची घोडखिंडीतली झुंज रांगण्याजवळ नेऊन ठेवली. पुढे श्रीअरविंदांनी बाजी प्रभूंवर इंग्रजीत दीर्घकाव्य लिहिले, त्याच्या टिपेतही रांगणाच आला आणि आदिलशाही फौजेच्या जागी मोगल आले. रांगणा पार दक्षिणेला, भुदरगड तालुक्यात. झुंज झाली ती शाहूवाडीत, विशाळगडाच्या वाटेवर. एका ग्रंथातली चूक किती लांबवर जाते, ते यात दिसते.

ही चूक निस्तरली ती जुन्या कागदांनी. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून उतरून खेळण्याला गेल्याची नोंद आहे, सोबत बांदलांची माणसे असल्याचीही. खेळणा म्हणजेच विशाळगड. बाजी आणि फुलाजी या भावांच्या समाध्याही याच गडावर दाखवतात. तेव्हा गडाचा वाद मिटला.

खिंडीचा मिटलेला नाही, असे माझे मत आहे. आज पांढरपाण्याजवळ जिथे स्मारक आहे, तिथे लोखंडी शिडीने खाली उतरावे लागते. दोन्ही बाजूंना काळेकभिन्न कातळ, मधे ओढ्याचे अरुंद पात्र, पायाखाली शेवाळलेले धोंडे. जागा पाहताच अंगावर काटा येतो. पण १३ जुलै १६६० म्हणजे ऐन आषाढ. त्या दिवसांत हे पात्र धो धो वाहते. रात्रभर चिखल तुडवून, मसाई पठार ओलांडून आलेली दमलेली माणसे पालखीसह या पाण्यातून गेली असतील, की वरच्या अंगाने? पाठलागावर असलेल्या सिद्दी मसूदच्या घोडदळाला इथे पाऊल तरी टाकता आले असते का? मला वाटते, बांदलांनी एकच दगडी चिंचोळी वाट अडवली नाही. गजापूरच्या बाजूला मागे सरकत, चढ आणि रान हाताशी धरून मैल-दीड मैल शत्रूला झुंजवत ठेवले. याच रानाने १४५३ च्या सुमारास खेळण्यावर निघालेल्या बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जारची फौज गिळली होती. फरिश्त्याने त्या गर्द झाडीचे वर्णन करून ठेवले आहे.

अशा वादांत जमिनीची साक्ष काढता येते. इंग्लंडात १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईचे ठिकाण म्हणून अँबियन टेकडी मानली जाई. तिथे माहिती केंद्रही उभे राहिले होते. २००५ पासून ग्लेन फोर्ड यांच्या पथकाने धातुशोधक यंत्रे घेऊन आसपासची शेते पिंजून काढली. शिशाचे तोफगोळे आणि तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह असलेला चांदीचा रानडुकराचा बिल्ला सापडला तो टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटरवर. लढाईची जागा सरकली, तिची थोरवी तसूभर घटली नाही.

सह्याद्रीच्या जांभ्यात आणि पावसात लोखंड गंजून जाते, शिसे मात्र तग धरते. बंदुकीची एखादी गोळी, तिची जागा नोंदवून हाती आली, तर ती शंभर तर्कांना भारी पडेल. म्हणून विनंती अशी: पुरातत्त्व खाते, शिवाजी विद्यापीठ आणि इथल्या वाड्यांतल्या जुन्या जाणत्यांनी मिळून पांढरपाणी ते गजापूर हा पट्टा शास्त्रशुद्ध रीतीने तपासावा. आणि ट्रेकर मित्रांनो, वाटेत जुने काही दिसले तर उचलू नका; जागेचा फोटो काढा आणि खात्याला कळवा.