ट्रामसाठी सुटणारा सिग्नल

झुरिकला क्वायब्रुके पुलाच्या टोकाशी, बेलेव्यू चौकात उभं राहावं आणि पाच मिनिटं नुसतं सिग्नलकडे बघावं. पुलावरून ट्राम येते, आडव्या रस्त्यावरच्या मोटारींना लाल लागतो, ट्राम न अडखळता निघून जाते. तिचं शेपूट चौकाबाहेर पडतं न पडतं तोच मोटारींचा सिग्नल सुटतो. हात दाखवायला पोलीस नाही, कुणी हॉर्नही वाजवत नाही.

मोटारींचे सिग्नल एकमेकांशी जुळवणं त्या मानानं सोपं. दोन चौकांत 300 मीटर अंतर आणि ताशी 50 किलोमीटर वेग धरला, तर पहिला सिग्नल सुटल्यावर सुमारे 22 सेकंदांनी पुढचा सुटायला हवा. एकामागून एक चौक असे बांधत गेलं की मोटारी हिरव्यामागून हिरवा पकडत जातात. ट्रामचं गणित इथेच बिघडतं, कारण ती मध्ये थांब्यावर थांबते. एखाद्या आजी सावकाश चढतात, कुणी बाबागाडी उतरवून घेतं, आणि तेवढ्यात पुढचा हिरवा निघून जातो. मग पोटात शे-दीडशे माणसं घेऊन ट्राम लाल दिव्यापाशी खोळंबते.

म्हणून झुरिकनं सिग्नललाच ट्रामची चाहूल घ्यायला शिकवलं. रस्त्यात तारेची वेटोळी पुरलेली असतात. ट्राम त्यांच्यावरून गेली की तिच्या पोटाखालचं यंत्र आपली ओळख कळवतं. चौकाच्या बरंच अलीकडे पहिली वर्दी जाते आणि सिग्नलचा संगणक तिच्यासाठी हिरवा तयार ठेवू लागतो. मला कौतुक वाटतं ते चौकापलीकडच्या वेटोळ्याचं. ‘मी गेले’ एवढंच ते सांगतं. ते नसतं तर ट्राम नक्की गेली असेल अशा बेतानं हिरवा उगाच धरून ठेवावा लागला असता. कोब्रा जातीची ट्राम 36 मीटर लांब. ती गेल्याचं नेमकं कळलं की वाचलेले सेकंद मोटारींच्या पदरात पडतात. थांबाही शक्यतो चौक ओलांडल्यावर असलेला बरा, कारण दारं किती वेळ उघडी राहतील हे संगणकाला आधी कळत नाही.

पण हे सगळं यंत्रांच्या जोरावर झालं असं मला वाटत नाही. थांबायचं कुणी, हे आधी झुरिकच्या लोकांनी ठरवलं. 1962 साली ट्राम जमिनीखाली नेण्याची योजना त्यांनी मतदानात फेटाळली. (दोनच वर्षांनी, 31 मार्च 1964 ला, आपल्या मुंबईत बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली.) 1973 मध्ये भुयारी रेल्वेलाही त्यांनी नकार दिला. 1977 मध्ये मात्र, आहे त्याच रस्त्यावर ट्राम आणि बस वेगानं धावाव्यात म्हणून 20 कोटी फ्रँक खर्चायला कौल दिला. सिग्नलची ही व्यवस्था उभी राहिली ती या कौलाच्या बळावर.

यातला सर्वांत धाडसी भाग मध्यवस्तीत उभं राहून दिसत नाही. चौकच मोटारींनी तुंबला तर हिरवा मिळूनही ट्राम जाणार कुठून? म्हणून आत गर्दी वाढू लागली की शहरात येणाऱ्या रस्त्यांवरचे काही सिग्नल मोटारींना थोड्या थोड्या करून आत सोडतात. मोटारींची रांग लागते, पण ती बाहेर, जिथे ट्राम-बसची वाट अडत नाही अशा जागी.